खुर्ची तीच, कंपनी नवी

पुण्याला गेलो की एक प्रसंग ठरलेला असतो. एखादे काका विचारतात, "काय मग, सध्या कुठं असतोस?" आम्ही सांगतो, "सरकारी कंत्राटदाराकडे." काकांचा चेहरा जरा उतरतो. त्यांच्या डोळ्यांपुढे डांबराची पिंपे, खडीचे ढीग आणि पहिल्या पावसात वाहून गेलेला रस्ता उभा राहतो. "अरे, तू इंजिनियर झालास ना?" असे ते तोंडाने म्हणत नाहीत, पण काकूंकडे ज्या नजरेने बघतात तिचा अर्थ तोच. मग आम्ही घाईघाईने खुलासा करतो, की अमेरिकेत सरकारी कंत्राटदार म्हणजे सरकारला माणसे, संगणक, संशोधन, हिशेबनीस, सगळे काही पुरवणाऱ्या मोठमोठ्या कंपन्या. काका शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "म्हणजे कंत्राटी कामगारच की रे!"

इतक्या वर्षांनी आम्हाला पटले आहे, की काकांना एका वाक्यात जे समजते ते आम्हाला कळायला निम्मी नोकरी गेली.

दूरच्या राज्यांतल्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. वॉशिंग्टन शहराभोवती ४९५ नंबरचा जो गोल हमरस्ता आहे त्याला इकडे 'बेल्टवे' म्हणतात. त्याच्या आतबाहेर रॉकव्हिल, ग्रीनबेल्ट, टायसन्स, रेस्टन, हर्न्डन अशा गावांतून काचेच्या इमारतींवर ज्या कंपन्यांच्या पाट्या झळकतात, त्यांतल्या कितीतरी कंपन्यांचे गिऱ्हाईक एकच आहे, ते म्हणजे अमेरिकन सरकार. गणपतीच्या आरतीला उभ्या असलेल्या मंडळींत विचारत गेलात तर दर चार-पाच जणांमागे एक तरी अशा कंपनीतला निघेल. कंपनी एकीकडे, आणि बसायची जागा मात्र सरकारी कचेरीत, असे यांतले पुष्कळ जण.

डिसेंबर आला की या कंपन्यांच्या गृहपत्रिकेचा हिवाळी अंक येतो. पूर्वी तो गुळगुळीत कागदावर छापून टपालाने घरी यायचा, आता संगणकाच्या पडद्यावर येतो. मजकूर मात्र तोच. पहिल्या पानावर अध्यक्षांचे पत्र असते, "आपण सारे एक कुटुंब आहोत" या वाक्यासकट. मग मिळालेली नवी कंत्राटे. मग गरीब मुलांसाठी खेळणी गोळा केल्याचा फोटो. मरीन दलाच्या राखीव सैनिकांनी १९४७ साली सुरू केलेला 'टॉइज फॉर टॉट्स' हा उपक्रम इथल्या बहुतेक कचेऱ्यांतून चालतो. मग 'चिली' करण्याच्या स्पर्धेचा निकाल (आपल्या राजम्यात खिमा घातला तर जे होईल ते), आणि सर्वांत भयंकर स्वेटर घालून आलेल्याचा सत्कार. आणि शेवटी, आम्ही ज्याच्यासाठी अंक उघडतो ते पान, मानकऱ्यांचे. वर तिमाहीतला उत्तम कर्मचारी, हातात काचेची ढाल घेऊन. खाली बारीक टायपात सेवेची वर्षे आणि नावे.

हे पान आम्ही दहावीच्या निकालासारखे वाचतो. आधी आपले नाव, मग ओळखीच्यांची.

२०२५ च्या हिवाळी अंकात या पानावर आमच्या एका स्नेह्यांचे नाव होते. सांगलीकडचे गृहस्थ. १९९७ साली, वर्ष २००० च्या त्या प्रसिद्ध संगणक-संकटाच्या निमित्ताने आपल्याकडची जी फौज इकडे आली तिच्यातले. २००३ च्या ऑक्टोबरपासून ते एकाच सरकारी कचेरीत, एकाच मजल्यावर, एकाच खिडकीशेजारी बसतात आणि कोबोलमध्ये लिहिलेली एक जुनी प्रणाली जिवंत ठेवतात. ती कशी चालते हे सांगणारे त्या इमारतीत आता ते एकटेच उरले आहेत. त्यांच्या नावापुढे छापले होते: '१ वर्ष'. शेजारी 'कुटुंबात स्वागत!' असेही होते.

आमचा हा लेख त्या एका आकड्याबद्दल आहे.

खंडेनवमीला टाळे

आमच्या या धंद्यात नवे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. अमेरिकन सरकारचे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. १९७६ पर्यंत ते १ जुलैला व्हायचे, मग काँग्रेसला अंदाजपत्रकासाठी जास्त वेळ मिळावा म्हणून तीन महिने पुढे ढकलले. वेळ वाढवून मिळाला म्हणून अभ्यास वेळेवर होतो असे नाही, हे कुठल्याही विद्यार्थ्याच्या आईला विचारा. मंजुरी लांबली की 'कंटिन्युइंग रिझोल्यूशन' नावाचा तात्पुरता ठराव करून गाडी ढकलतात. तोही झाला नाही, की कचेऱ्यांना टाळे.

२०२५ साली १ ऑक्टोबरला खंडेनवमी होती. आपल्याकडे त्या दिवशी कारखान्यात हत्यारांची पूजा करतात, यंत्रांना झेंडूचे हार घालतात, आणि यंत्रे एक दिवस विश्रांती घेतात. इकडे त्याच दिवशी सरकार बंद पडले आणि यंत्रांची विश्रांती ४३ दिवस चालली. तोवरच्या इतिहासातला हा सर्वांत लांब बंद. दसरा गेला, कोजागिरी गेली, दिवाळी गेली; १२ नोव्हेंबरला टाळे उघडले.

असे बंद आपल्यापैकी जुन्या मंडळींनी बरेच पाहिले आहेत. १९९५-९६ च्या हिवाळ्यात २१ दिवस, २०१३ च्या ऑक्टोबरात १६ दिवस, २०१८-१९ च्या हिवाळ्यात ३५ दिवस. बंद काळात घरी बसवलेल्या सरकारी नोकरांना मागचा पगार मिळत आला आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये तसा कायदाच झाला. कंत्राटी माणसाला तो कायदा लागू नाही. त्यांतल्या कमी पगाराच्या लोकांसाठी तरी काही करावे म्हणून काँग्रेसमध्ये विधेयके मांडली गेली, ती मांडलेलीच राहिली.

यात कंपनीचा दुष्टपणा असतो असे नाही, हेही सांगितले पाहिजे. कंपनी सरकारला आमचे तास विकते. तास विकला गेला नाही तर बिल नाही, बिल नाही तर पैसा नाही. ज्या कंत्राटाचे पैसे आधीच बाजूला काढलेले असतात ते कधी कधी बंदच्या काळातही चालू राहते. पण कचेरीच बंद असेल आणि काम तिथेच बसून करायचे असेल, तर पैसे असूनही इलाज नसतो.

आमच्या स्नेह्यांना बंदच्या पहिल्या दिवशी किती रजा शिल्लक होती? आठ दिवस. बावीस वर्षे एका जागी बसणाऱ्या माणसाला आठ दिवस कसे, तर कंपनीच्या दप्तरी ते वर्षभरापूर्वी लागलेले. नव्या माणसाला दोन आठवडे रजा, त्यातली थोडी उन्हाळ्यात सांगलीला आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला जाण्यात संपलेली. १० ऑक्टोबरला ते आठ दिवस संपले. लक्ष्मीपूजन बिनपगारी झाले. त्यांच्या शेजारच्या टेबलावरच्या सरकारी बाईही घरीच होत्या. धाकधूक त्यांनाही होती, पगार उशिरा झाला, पण पूर्ण मिळाला. यांचा गेला तो गेला. तीन बंदांचे मिळून त्यांनी ९४ दिवस मोजले आहेत. नोव्हेंबरात कामावर परतल्यावर पहिले दोन दिवस त्यांनी काय केले, तर त्याच सरकारी बाईंबरोबर बसून अडकलेले काम सोडवले.

पार्टीचा हिशेब वेगळा

आता कौतुकाकडे वळू. सरकारी कंत्राटदार आपल्या माणसांचे कौतुक कसे करतो, याला एक मोठे नियमपुस्तक आहे. 'फेडरल ॲक्विझिशन रेग्युलेशन', १९८४ साली अमलात आलेले. इंग्रजी आद्याक्षरांवरून इकडे सगळे त्याला 'फार' म्हणतात, आणि ते फारच आहे. सरकार कोणता खर्च देईल आणि कोणता नाही, याची यादी त्याच्या ३१ व्या भागात आहे. आम्ही ती एका बंदच्या काळात वाचून काढली. दुसरे काही वाचायला पैसे नव्हते.

तर ऐका. कर्मचाऱ्यांचे मनोधैर्य वाढवणारा खर्च चालतो. आणि त्याच्या उदाहरणांत पहिले नाव गृहपत्रिकेचे आहे! म्हणजे हिवाळी अंकाचा खर्च सरकारच्या बिलात वरकड म्हणून धरता येतो. भेटवस्तू चालत नाहीत. पण आधी लेखी ठरवलेल्या योजनेप्रमाणे कामगिरीबद्दल दिलेले बक्षीस ही भेटवस्तू नव्हे, ते चालते. करमणूक चालत नाही. दारू तर मुळीच नाही, तिला स्वतंत्र कलम आहे. म्हणून डिसेंबरच्या पार्टीचे पैसे कंपनीला आपल्या नफ्यातून काढावे लागतात, आणि नफा बेताचा झाला की पार्टीच्या जागी दुपारी तीन वाजता केक येतो.

केक खातानाही एक प्रश्न असतोच. हा अर्धा तास कोणाच्या खात्यावर? आमच्याकडे रोज संध्याकाळी तासांचा तक्ता भरावा लागतो. कित्येक ठिकाणी तासाचा दहावा भाग म्हणजे सहा-सहा मिनिटे मोजतात. संरक्षण खात्याचे लेखापरीक्षक कधीही येऊन विचारू शकतात, "काल तू कशावर काम केलेस?" सत्काराला उभे असताना सरकारच्या कामाचा तास लावला तर तो गुन्हा ठरू शकतो. त्यामुळे टाळ्या वाजत असताना मागच्या रांगेत कोणीतरी हळूच विचारतोच, "चार्ज नंबर काय आहे याचा?" पुलंच्या एखाद्या म्हैसाळलेल्या कारकुनाला शोभेल असा हा प्रश्न, पण विचारणारा पीएच.डी. असतो.

नाताळच्या आदल्या दिवसाचे असेच. २०२४ साली राष्ट्राध्यक्षांनी २४ डिसेंबरला सरकारी कचेऱ्या बंद ठेवायचा हुकूम काढला. सरकारी नोकरांना भरपगारी सुट्टी. कंत्राटी माणसाला? कचेरीला कुलूप, म्हणून जाता येत नाही. आणि तास विकला गेला नाही, म्हणून पगार नाही. ज्याची कंपनी उदार त्याला सूट, बाकीच्यांनी आपली रजा भरावी. सुट्टी दिल्याबद्दल रजा कापली जाते, हे पुण्यातल्या काकांना अजून समजावून सांगता आलेले नाही.

शाबासकी कोणी द्यायची?

कौतुक करायचे तर ज्याने काम पाहिले त्याने करावे, ही साधी रीत. आमचे काम पाहणारा सरकारी साहेब असतो. पण तो आमचा साहेब नव्हे. त्याने आम्हाला आपल्या नोकरासारखे राबवू नये, हुकूम द्यायचे ते कंपनीच्या व्यवस्थापकामार्फत द्यावेत, असा नियम आहे. नियम चांगल्या हेतूने केलेला आहे: सरकारने मागच्या दाराने नोकरभरती करू नये. बैठकीत बसलो, किंवा सरकारी फोन उचलला, तर आम्ही आधी सांगायचे असते, की आम्ही कंत्राटी. गळ्यातल्या ओळखपत्रावरूनही ते कळतेच.

त्यामुळे सरकारी बक्षिसे सरकारी नोकरांना. आठ जणांनी मिळून काम केले, त्यांतले पाच सरकारी आणि तीन कंत्राटी असले, तर पाच जणांना रोख बक्षीस मिळते आणि तिघे टाळ्या वाजवतात. साहेब भला असला तर कंपनीला एक पत्र धाडतो. शिवाय वर्षाकाठी तो सरकारी नोंदीत कंपनीच्या कामगिरीला शेरा देतो. 'असाधारण', 'फार चांगले', 'समाधानकारक' आणि त्याखालचे दोन, असे पाच शेरे असतात. पुढचे कंत्राट मिळवायला कंपनीला हा शेरा सोन्याच्या मोलाचा. पण तो कंपनीचा असतो, माणसाचा नव्हे, आणि गोपनीय. रात्री दोन वाजता उठून ज्याने प्रणाली पुन्हा सुरू केली, त्याला तो बहुधा दिसतही नाही.

उलट दिशेनेही अडचण. दिवाळीत आपण शेजारच्या टेबलावर फराळाचा डबा ठेवतो, त्यात कसला आला नियम? पण आहे. कंत्राटदाराकडून सरकारी नोकराने एका वेळी २० डॉलरपेक्षा जास्त किमतीची भेट घ्यायची नाही, आणि एका ठिकाणाहून वर्षभरात ५० डॉलरच्या वर नाही. आमच्या सौ.नी एकदा चकल्या, करंज्या आणि अनारसे यांची बाजारभावाने किंमत काढली, आणि अनारसे काढून घेतले.

पाच आणि पाच

आता त्या आकड्याकडे येऊ. सेवेचा बिल्ला पाच वर्षांनीच का मिळतो, आणि तो बिल्ला, घड्याळ, पेन असाच का असतो, रोख का नसतो, याचा कधी विचार केलात? आम्हाला वाटायचे, कंपनीला भिंतीवरच्या घड्याळांची आवड असेल. कारण आहे करकायद्यात. सेवाकाळाबद्दल दिलेल्या बक्षिसावर कर्मचाऱ्याला आयकर लागत नाही, पण अटी आहेत. बक्षीस वस्तूच्या रूपात हवे. रोख, गिफ्ट कार्ड, सहल, जेवण, नाटकाची तिकिटे चालत नाहीत. नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांत दिलेले चालत नाही. आधीच्या चार वर्षांत तसेच दुसरे दिलेले असेल तरी चालत नाही. किमतीलाही मर्यादा आहे, साधे असेल तर ४०० डॉलर, सर्वांना सारखी लागू असलेली लेखी योजना असेल तर १,६०० पर्यंत. आणि शेवटची अट आम्हाला फार आवडते: ते समारंभपूर्वक द्यायला हवे. म्हणजे टाळ्यासुद्धा करकायद्यात बसवलेल्या आहेत! ५० डॉलरचे गिफ्ट कार्ड मिळाले तर मात्र ते पगारात धरून त्यावर कर कापला जातो.

आपल्याकडे १९६५ च्या बोनस कायद्याने पगाराच्या निदान ८.३३ टक्के बोनस कामगाराचा हक्क म्हणून ठरवला होता, आणि दिवाळीच्या आधी तो मिळाला नाही तर गेटवर सभा व्हायची. इकडे गेटवर कोणी जमत नाही. घड्याळ मिळते.

हा झाला बिल्ल्याचा पाचाचा पाढा. कंत्राटाचाही एक पाचाचा पाढा आहे. सेवांचे कंत्राट सर्वसाधारणपणे पाच वर्षांपेक्षा लांबवायचे नाही, असे 'फार'चे सांगणे. म्हणून एक वर्ष पक्के आणि पुढची चार सरकारच्या मर्जीवर, अशी आखणी. पाच वर्षे संपली की पुन्हा निविदा. जुनी कंपनी हरली तर नवी येते. पण काम नव्या कंपनीला कुठे येते? ते येते खुर्चीवर बसलेल्या माणसाला. म्हणून नवी कंपनी आधी त्याच माणसाला फोन करते. शुक्रवारी जुने ओळखपत्र परत करायचे, सोमवारी नवे घ्यायचे. खुर्ची तीच, खिडकी तीच, कोबोलही तेच. पगार बहुधा तोच. रजा, विमा आणि सेवेची वर्षे मात्र पुन्हा 'श्री'पासून.

दोन्ही पाढे शेजारी मांडा म्हणजे गंमत कळेल. १ ऑक्टोबरला लागलेला माणूस पाच वर्षे पुरी करतो ती ३० सप्टेंबरच्या रात्री. कंत्राटही त्याच रात्री संपते. बिल्ल्याचा दिवस उजाडतो तेव्हा तो दुसऱ्या कंपनीत नवा असतो.

आमच्या स्नेह्यांची ही पाचवी कंपनी. २००३ ते २००८ एक. २००८ ते २०१३ दुसरी. तिसरीचा पहिला दिवस होता १ ऑक्टोबर २०१३, आणि त्याच दिवशी सरकार बंद पडले. नव्या साहेबाची ओळख सोळा दिवस फोनवरच. चौथी २०१८ साली आली. तिचे कंत्राट निविदा लांबल्यामुळे वर्षभर वाढवून मिळाले, म्हणून २०२३ साली, वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा, त्यांना पाच वर्षांचा बिल्ला मिळाला. तो त्यांनी देवघराखालच्या खणात ठेवला आहे. पुढल्या वर्षी पाचवी कंपनी आली. बावीस वर्षे, पाच कंपन्या आणि एक बिल्ला.

"वाईट वाटतं का?" आम्ही एकदा गाडीत विचारले. आम्ही दोघे एका गाडीने जातो. ते म्हणाले, "बिल्ल्याचं काय घेऊन बसलात. आईकडे जायला चार आठवडे मागितले, तर नवा साहेब म्हणाला, तुम्ही तर आत्ताच लागलात."

पहारेकऱ्याची वर्षे

आम्हाला वाटायचे, जगाची रीतच अशी. कंपनी बदलली की पाटी कोरी. मग एक दिवस त्याच इमारतीच्या दारावरच्या पहारेकऱ्याशी गप्पा झाल्या. त्याच्याही कंपन्या बदलत आल्या, गणवेशाचा रंग बदलत आला. पण त्याची रजा? ती लागोपाठच्या सगळ्या वर्षांची धरली जाते! आम्ही घरी येऊन शोधले. १९६५ साली 'सर्व्हिस काँट्रॅक्ट ॲक्ट' झाला. त्याच्या नियमांत स्पष्ट आहे, की वार्षिक रजा ठरवताना त्याच सरकारी जागी तेच काम आधीच्या कंत्राटदारांकडे केलेली वर्षेसुद्धा मोजायची. पहारेकरी, सफाई कामगार, कारकून यांना तो लागू. इंजिनियर, व्यवस्थापक वगैरे 'व्यावसायिक' मंडळींना नाही. त्यांचे ते नव्या कंपनीच्या मर्जीवर.

म्हणजे वर्षे कंपनीवर न मोजता खुर्चीवर मोजता येतात, हे सरकारला १९६५ पासून ठाऊक आहे. काकांनी आम्हाला कंत्राटी कामगार म्हटले तेव्हा आम्ही चिडलो होतो. खरे तर कागदावर कामगार असतो तर रजा जास्त मिळाली असती.

दुसरे एक उदाहरण कौतुकाचे. 'नासा'त १९६८ पासून 'सिल्व्हर स्नूपी' नावाचे पारितोषिक देतात. १९६७ साली अपोलो-१ च्या आगीत तीन अंतराळवीर गेले, त्यानंतर सुरक्षिततेचे महत्त्व प्रत्येक कामगाराच्या मनावर ठसावे म्हणून ते सुरू झाले. चार्ल्स शुल्झ यांनी स्नूपी कुत्र्याचे चित्र काढून दिले. चांदीची छोटीशी पिन, अंतराळात जाऊन आलेली, आणि ती अंतराळवीर स्वतः माणसाच्या कामाच्या जागी येऊन त्याला लावतो. वर्षाला शंभरातल्या एकालाही मिळत नाही. पण ती सरकारी नोकरालाही मिळते आणि कंत्राटदाराच्या माणसालाही. तिथे ओळखपत्राचा रंग आड येत नाही. ज्यांचा जीव त्या कामावर अवलंबून, त्यांनीच दिलेली शाबासकी ती. आपल्याकडच्या शाल-श्रीफळाला इतका अर्थ क्वचितच असतो.

एक विनंती

सरकारचे नियम बदलणे आपल्या हातात नाही. बंदच्या पगाराचे विधेयक पुन्हा आले तर आपल्या काँग्रेसच्या प्रतिनिधीला दोन ओळी जरूर लिहा, त्याला टपालखर्चही लागत नाही. पण एक गोष्ट मात्र आपल्या हातात आहे.

आपल्या मंडळींतले बरेच जण आता या कंपन्यांतून व्यवस्थापक झाले आहेत. काहींच्या स्वतःच्या कंपन्या आहेत. काही जण चक्क या गृहपत्रिकांचे संपादन करतात, आम्हाला ठाऊक आहे. त्यांना एवढेच सांगणे: नवे कंत्राट जिंकल्यावर जुन्या खुर्चीवरचा माणूस घ्याल, तेव्हा त्याची वर्षेही घ्या. रजा ठरवताना ती मोजता आली तर उत्तमच. गिऱ्हाईकाला निविदेत तुम्ही "आमच्या लोकांना या कामाचा बावीस वर्षांचा अनुभव" असे सांगताच ना? ती बावीस वर्षे कोणाची? ज्याची आहेत त्याच्या नावापुढे ती छापायला हरकत कोणती? 'कंपनीत १ वर्ष, या कामावर २२'. एवढी एक ओळ. गृहपत्रिकेचा खर्च तर सरकार देतेच.

आणि कंपन्या करोत वा न करोत, आपण करू. संपादकांशी बोलून आम्ही असे ठरवले आहे, की या त्रैमासिकाच्या पुढच्या अंकापासून अर्धे पान मोकळे ठेवायचे. वाचकांनी आपले किंवा ओळखीच्याचे कळवावे: काम कोणते, आणि किती वर्षे. कंपनीचे नाव नको, हुद्दा नको, फोटो नको. पाळणाघरात मुले सांभाळणाऱ्या मावशींपासून कोबोलवाल्यांपर्यंत सगळ्यांचे चालेल. कधी ना कधी खुर्ची सोडावी लागेलच, त्याआधी कुठेतरी नोंद असावी.

पहिले नाव स्नेह्यांचे घ्यावे म्हणून आम्ही गाडीत विषय काढला. आधी ते नकोच म्हणाले. "उगाच कशाला गाजावाजा," वगैरे. मग बेल्टवेवर नेहमीच्या जागी गाड्या तुंबल्या, पंधरा मिनिटे तशीच गेली, आणि ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बरं, छापा. पण ऑक्टोबर २००३ पासून धरा. सप्टेंबर नव्हे. आकडा तेवढा बरोबर असू दे."